गहू नको, तूप नको: घरच्या किराण्यातल्या शेंगदाणा-गूळ कुकीज

जेवण झालं, ओटा पुसून झाला, आणि आता तोंडाला काहीतरी गोड पाहिजेच, ही सवय ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्यात घरात कुणाला गहू बंद नाहीतर दूध बंद असलं की संपलंच, कारण बिस्कीट मैद्याचं, लाडू तुपातला, बर्फी खव्याची, शंकरपाळ्यात दोन्ही, म्हणजे डबे भरलेले आणि खायला काही नाही. मग माणूस मोबाईल काढून रेसिपी शोधतो आणि तिथे बदामाचं पीठ दोन कप, नारळाची साखर, मेपल सिरप असलं काहीतरी लिहिलेलं असतं. अरे भाऊ, बदाम काय भावाने मिळतात माहितीय का? एक घाणा बिघडला तर आठवड्याची भाजी गेली.

आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे हे सगळं ऑनलाइन मागवायची काही गरजच नाही. शेंगदाणे, तीळ, सुकं खोबरं, गूळ, जवस आणि उपवासाचं शिंगाड्याचं पीठ, एवढ्यात कुठलंच धान्य आणि दूध-तूप न घालता चांगली खुसखुशीत कुकी होते. जेवणानंतर गुळाचा खडा आणि मूठभर दाणे खायची पद्धत आपल्याकडे आहेच, त्याच जिनसा जरा नीट मळून भाजायच्या. आमच्या एका काकूंनी खाल्ल्या खाल्ल्या सांगून टाकलं, "हाई ते चिक्कीनी बहीण शे!" फक्त ही बहीण दाताला चिकटत नाही.

आधी काय चालतं नि काय नाही ते बघू, कारण गोंधळ तिथेच होतो. मैदा नाही म्हणजे धान्य नाही असं होत नाही. नाचणीची कुकी, ओट्सची कुकी, ज्वारीची कुकी, या सगळ्या धान्याच्याच. बाजरी, तांदूळ, मका, रवा बाद. कळण्याचं पीठ बाद, त्यात उडीद असला तरी ज्वारी-बाजरी असतेच. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते भगरीवर. उपवासाला चालते म्हणून तिला कुणी धान्य समजतच नाही, पण भगर म्हणजे वरी, आणि वरी हे बारीक तृणधान्यच आहे. साबुदाणा मात्र चालतो, तो टॅपिओका नावाच्या कंदाच्या स्टार्चपासून बनतो. शिंगाडा पाण्यातल्या वेलीचं फळ, तो बिनधास्त चालतो. राजगिरा गवताच्या जातीतला नाही, पण बी धान्यासारखंच वापरतात म्हणून कडक पाळणारे तोही टाळतात. शेंगदाणासुद्धा खरं तर शेंगवर्गातला, म्हणजे तुरी-हरभऱ्याचा भाऊबंद, त्यामुळे ज्यांनी डाळी पण सोडल्यात त्यांनी शेंगदाण्याऐवजी काजू-बदाम किंवा भोपळ्याच्या बिया घ्याव्यात. बाकीच्यांनी दाणेच घ्या, स्वस्त आणि चवीला भारी.

छुपं धान्य पण असतं. बेकिंग पावडरमध्ये बहुतेक वेळा मक्याचा स्टार्च टाकलेला असतो, कस्टर्ड पावडर म्हणजे तर मक्याचंच पीठ, आयसिंग शुगरमध्येही ते बऱ्याचदा असतं. म्हणून इथे साधा खायचा सोडा आणि दोन थेंब लिंबू, संपला विषय.

दुधाच्या बाजूला बटर, दूध पावडर, मिल्कमेड हे तर कळतंच, पण तुपावर घराघरात वाद होतो. "तूप म्हणजे दूध थोडीच आहे?" आहे. तूप कढवलं की त्यातलं दुधाचं प्रोटीन आणि लॅक्टोज (दुधातली साखर) जवळपास निघून जातं, म्हणून ज्यांना नुसतं दूध पचत नाही अशा बऱ्याच जणांना चमचाभर तूप चालून जातं, पण ज्याला दुधाची ॲलर्जी आहे त्याच्या बाबतीत "जवळपास" हा शब्द कामाचा नाही. त्यामुळे या कुकीत तूप नाहीच. डार्क चॉकलेट टाकायचं असेल तर पाकीट उलटं करून वाचा, डार्क म्हणवणाऱ्या बऱ्याच चॉकलेटमध्ये मिल्क सॉलिड्स असतात.

आता साहित्य. साधारण चोवीस कुकीजसाठी शेंगदाणे २०० ग्रॅम, किसलेलं सुकं खोबरं ४० ग्रॅम, शिंगाड्याचं पीठ ५० ग्रॅम, बारीक चिरलेला गूळ ११० ग्रॅम, तीळ दोन मोठे चमचे, जवसाची पूड एक मोठा चमचा, घाणीचं शेंगदाणा तेल नाहीतर खोबरेल एक ते दोन मोठे चमचे, खायचा सोडा पाव छोटा चमचा, लिंबाचा रस अर्धा छोटा चमचा, वेलची किंवा सुंठ, आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नका, गोडाला त्यानेच उठाव येतो. आणि वजनकाटा असेल तर वापरा, कारण प्रत्येकाच्या घरातली वाटी वेगळी, माहेरची वेगळी सासरची वेगळी.

सगळी मेहनत दाणे भाजण्यात आहे, बाकी काम सोपं आहे. जाड बुडाची कढई, लोखंडी असेल तर उत्तम, गॅस बारीक, आणि हात चालू ठेवायचा. घाई करून मोठ्या आचेवर भाजले तर साल काळं पडतं आणि आत दाणा कच्चाच राहतो, तो कच्चट वास मग कुकीत शेवटपर्यंत येतो, वेलची टाका नाहीतर जायफळ टाका. दहा-पंधरा मिनिटं लागतात. दाणे तडतडायला लागले, सालावर कुठे कुठे चॉकलेटी ठिपके आले की एक दाणा बाहेर काढून जरा गार करा आणि चिमटीत दाबा, साल आपोआप सुटलं, दाण्याच्या दोन फाका झाल्या आणि आतून फिकट बदामी रंग दिसला की गॅस बंद. लगेच ताटात ओता, कढईत ठेवले तर ते आतल्या आत भाजत राहतात. त्याच गरम कढईत तीळ दोन मिनिटं परतून घ्या. दाणे गार झाले की फडक्यात घेऊन चोळा, सुपात घेऊन पाखडा, आणि हे काम अंगणात नाहीतर गच्चीवर करा, स्वयंपाकघरात केलं तर दोन दिवस सालं झाडत बसाल. बाजारात भाजलेले सोललेले दाणे मिळतात, चालतात, पण खारे घेऊ नका आणि एक दाणा खाऊन बघून घ्या, खवट तेलाचा वास आला तर तिथेच परत करा.

दाणे पूर्ण गार झाल्याशिवाय मिक्सरमध्ये टाकायचे नाहीत. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, गरम असताना किंवा सलग मिक्सर फिरवला तर ते तेल सुटतं आणि कुटाचा लगदा होतो. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, चमच्याने तळ मोकळा करा, परत फिरवा. रवाळ कूट पाहिजे. मूठ आवळून बघा, मुटका झाला पाहिजे आणि अंगठ्याने टोचला की मोडला पाहिजे. मोडलाच नाही, नुसता दबला, तर तेल जास्त सुटलंय, मग वरून घालायचं तेल वगळा आणि शिंगाड्याचं पीठ चमचाभर वाढवा.

शेवटच्या फेरीला गूळ कुटासोबतच मिक्सरमध्ये टाकून फिरवून घ्या, म्हणजे गुठळी राहत नाही. गुळाचा खडा राहिला की ओव्हनमध्ये तो वितळून कुकीच्या बुडातून बाहेर येतो, ट्रेवर जळतो आणि कडू होतो. काही जण गुळाचा पाक करायला सांगतात, मी म्हणेन अजिबात नको. पाक झाला की तुम्ही चिक्कीच्या रस्त्याला लागलात, कुकी गार झाल्यावर दगड. काळसर मऊ गूळ असेल तर त्यात ओल जास्त असते, तेव्हा पाणी जपून घाला, पिवळा कडक गूळ असेल तर थोडं जास्त लागेल.

गव्हाच्या पिठात ग्लूटेन असतं, ते सगळं धरून ठेवतं. इथे ते नाही, म्हणून कुकी हातात भुगा होते अशी तक्रार सगळ्यांची. त्यावर उपाय म्हणजे जवस. एक मोठा चमचा पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजत ठेवा, छान चिकट बुळबुळीत होते, अंड्याच्या जागी हेच टाकायचं. अंडं चालत असेल तर एक अंडं फेटून घाला, जवसाला सुट्टी. जवसाची पूड भाजून ठेवलेली असेल तर चालेल, पण जवसाची चटणी नको हं, त्यात लसूण-मिरची असते, डबे सारखेच दिसतात म्हणून सांगतेय.

मग परातीत कूट-गूळ, खोबरं, शिंगाड्याचं पीठ, तीळ, मीठ, सोडा, वेलची सगळं कोरडं आधी हाताने नीट कालवा, त्यात भिजलेलं जवस, लिंबू आणि एक चमचा तेल घालून गोळा करा. पोळ्यांच्या कणकेसारखं मळायचं नाही, नुसतं एकत्र आणायचं. कोरडं वाटलं तर दुसरा चमचा तेल, तरी जमत नसेल तर पाणी, तेही चमच्याने, कारण शिंगाड्याचं पीठ आधी कोरडं वाटतं आणि मग हळूहळू पाणी ओढतं. गोळा पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा. उन्हाळ्यात तर फ्रीजमध्येच ठेवा, आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, गूळ पाझरतो, खोबरेल तर २४ डिग्रीच्या वर पातळच असतं, तेव्हा गोळा हाताला चिकटणारच, त्यात पीठ वाढवत बसू नका, गार करा. आणि त्या दिवसांत हे काम सकाळी उठल्या उठल्या उरका, दुपारी ओव्हन लावून स्वयंपाकघरात उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे.

लहान लिंबाएवढे गोळे करा, तळहातावर दाबा, जाडी अर्ध्या पेराएवढी. कडा फाटतात, ग्लूटेन नाही म्हटल्यावर फाटणारच, बोट पाण्यात बुडवून कडेने फिरवलं की बसतात. वर काट्याने दाबून नक्षी करा नाहीतर एक शेंगदाण्याची फाक खोचा. या कुकीज फार पसरत नाहीत, त्यामुळे ट्रेमध्ये बोटभर अंतर पुरे. खाली बटर पेपर टाका.

ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन) असेल तर १६० डिग्रीवर दहा मिनिटं आधी तापवा, मधल्या खणात ट्रे ठेवा, तेरा ते सोळा मिनिटं. यापेक्षा जास्त तापमान नको, गूळ आणि दाणे दोन्ही लवकर करपतात. छोट्या ओटीजीचा काटा नेहमी खरं बोलत नाही, त्यामुळे बाराव्या मिनिटापासून समोर थांबा. मैद्याची कुकी रंगावरून कळते, ही कळत नाही कारण गुळामुळे ती कच्चीसुद्धा तपकिरीच असते. म्हणून कडेकडे बघा, कडा कोरड्या दिसल्या पाहिजेत, उलथन्याने एक उचलून बूड बघा, जरासं गडद झालं की काढा. मध्ये बोट लावलं तर मऊच लागेल, लागू दे. गार होताना कडक होते. मऊ आहे म्हणून पाच मिनिटं वाढवली की संपलं, सुपारी फोडायचा अडकित्ता आणा.

ओव्हन नसेल तर काही अडत नाही. बाटी भाजायचा ॲल्युमिनियमचा गॅस तंदूर कुणाच्या घरी असेल तर त्यात जाळीवर बटर पेपर आणि त्यावर कुकीज, आच एकदम बारीक, आणि बूड लवकर लागतं म्हणून पेपरखाली एक स्टीलची ताटली ठेवा. तेही नसेल तर जाड कढईत बोटभर खडे मीठ नाहीतर धुतलेली कोरडी वाळू पसरून त्यात स्टँड, घट्ट झाकण, मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं, मग ताटलीत कुकीज ठेवून बारीक आचेवर अठरा-वीस मिनिटं. कढईतली कुकी वरून थोडी फिकी राहते, चवीत काही फरक नाही, आणि मध्येच लाईट गेली तरी कढईला फरक पडत नाही, हा तिचा मोठेपणा. नॉनस्टिक कढई मात्र रिकामी तापवू नका, कोटिंग जातं.

काढल्यावर ट्रेवरच दहा मिनिटं राहू द्या. गरम गरम उचलायला गेलात तर तुटणार. मग जाळीवर पूर्ण गार करा, त्यानंतरच डब्यात, कारण कोमट भरल्या तर वाफ धरते आणि सकाळी डब्यात लिबलिबीत.

आता केळ्याची गोष्ट. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात राहून कुकीत केळं नाही घातलं तर कसं व्हायचं, जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, आपण निदान पिकलेली वाया घालवू नयेत. सालावर काळे ठिपके पडलेलं, जरा जास्तच पिकलेलं केळं घ्या, तेवढंच गोड असतं. एक मध्यम केळं काट्याने कुस्करून जवसाच्या जागी घाला, पाणी बिलकुल नको, गूळ सत्तर ग्रॅमवर आणा, शिंगाड्याचं पीठ दोन मोठे चमचे वाढवा. ही कुकी कुरकुरीत होणार नाही हे आधीच सांगते, ती मऊ केकसारखी होते, मुलांना आणि दात नसलेल्या आजोबांना हीच आवडते. वेळ दोन-तीन मिनिटं जास्त लागतो. आणि ती फार टिकत नाही, थंडीत दोन दिवस, उन्हाळ्यात थेट फ्रीज.

शिंगाडा नसेल तर साबुदाणा कोरडा भाजून, गार करून, बारीक दळून, चाळून घ्या, चव नाही पण धरतो चांगला. डाळ चालणाऱ्यांनी शिंगाड्याच्या जागी खमंग भाजलेलं बेसन घ्यावं, नानकटाईचा वास येतो. कोको पावडर दोन चमचे घातली की मुलं काहीच विचारत नाहीत. दाण्याची ॲलर्जी असेल तर सूर्यफुलाच्या बिया वापरता येतात, फक्त सोड्यामुळे गार झाल्यावर कुकी आतून हिरवी दिसू शकते, बुरशी नाही ती, बियांमधल्या क्लोरोजेनिक ॲसिडची आणि सोड्याची रिॲक्शन आहे, खायला काही हरकत नाही. तो रंग नको असेल तर सोडा वगळा, थोडी घट्ट होईल इतकंच.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. घरात सिलिअॅक असेल, म्हणजे ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार, नुसतं पथ्य नाही तर डॉक्टरांनी सांगितलेलं, तर गव्हाचा कण पण चालत नाही. शिंगाडा गिरणीत दळून आणू नका, आधी कुणाचा गहू दळला असेल त्याचं पीठ जात्यात असतंच. बंद पाकीट घ्या, त्यावर ग्लूटेन फ्री लिहिलंय का बघा. मिक्सरचं भांडं, परात, चाळणी स्वच्छ घासलेली पाहिजे, पिठाची चाळणी तर वेगळीच ठेवा, तिच्या जाळीतून पीठ कधीच पूर्ण निघत नाही. दिवाळीत आपण बेकरीत डबे घेऊन नानकटाई पाडायला जातो तसा हा गोळा घेऊन जाऊ नका, तिथले ट्रे नि भट्टी सगळं मैद्याचं.

आणि ज्यांना शुगर आहे त्यांनी गुळाला औषध समजू नये. गूळ म्हणजे बहुतेक साखरच, थोडं लोह आणि खनिजं आहेत पण साखर वाढायची ती वाढतेच. गोडाची तलफ भागायला जेवणानंतर एक कुकी पुरते, दाण्यांमुळे ती जड असते, दोन खाल्ल्या की पोट भरल्यासारखं वाटतं. रिकाम्या पोटी डबा घेऊन टीव्हीसमोर बसलात तर मग कुकी कसलीही असो.

साध्या कुकीज घट्ट झाकणाच्या डब्यात आठ-दहा दिवस राहतात, उन्हाळ्यात तेल खवट व्हायला वेळ लागत नाही म्हणून तेव्हा अर्धाच घाणा करा. मळलेला गोळा फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहतो, हवं तेव्हा चार-सहा भाजून घ्यायच्या. पुण्याला होस्टेलवर एसटीने पाठवायच्या असतील तर स्टीलच्या डब्यात प्रत्येक थरामध्ये कागद घाला आणि वरची रिकामी जागा कागदाच्या बोळ्याने भरा, नाहीतर चाळीसगावचा घाट चढेपर्यंत निम्मा चुरा. झालाच चुरा तर फेकायचा नाही, त्यात दोन बिया काढलेले खजूर कुस्करा आणि लाडू वळा, त्याला परत भाजायची पण गरज नाही.